रान म्हणजे जंगल की शेत?

बांधकरी: मी बार्शीकडचा, सासर रत्नागिरीचं. सासऱ्यांना फोनवर म्हटलं, रानात आहे, ज्वारीला पाणी चालू आहे. ते म्हणाले, "रानात ज्वारी कोण पेरतं?" त्यांचं रान म्हणजे झाडी, डुकरं, करवंदं. आमच्याकडे काळं रान, हलकं रान, रान तापू द्यायचं, रानाला वाफसा नाही, असं सगळं शेताचंच बोलणं. शब्द मुळात जंगलाचा आणि झाडं तुटून आमचं शेत झालं, असं आहे का?

पोथीवाला: शब्द अरण्याचाच. अरण्य, प्राकृतात रण्ण, मग रान. पण अरण्याला झाडं लागतातच असं कुणी सांगितलं? 'अरण' म्हणजे परका, लांबचा. वस्तीपलीकडचं ते अरण्य. वैदिक वाङ्मयात ग्राम आणि अरण्य अशी जोडीच आहे; गाय-शेळी ग्राम्य पशू, बाकीचे आरण्य. मराठीतच बघा ना: माळरानावर सावलीला झाड सापडत नाही, गायरानात नुसतं गवत, आणि आडरान म्हणजे वाटेपासून लांबची जागा. तिन्हीत झाडीचा पत्ता नाही, गावाबाहेर असणं मात्र तिन्हीत आहे. घरं संपली की रान सुरू, मग तिथे साग असो की शाळू. सासऱ्यांच्या गावाबाहेर झाडी होती, तुमच्या गावाबाहेर काळी जमीन. माझ्या मते अर्थ बदलला तो कमीच, भूगोलच वेगळा.

उंटवाट: मग कच्छचं रणही यातलंच?

पोथीवाला: नाही, ते 'इरिण'कडे जातं. इरिण म्हणजे खारवट, नापीक जमीन. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात त्या भागाला 'इरिनॉन' म्हटलंय. रणांगणातलं रण आणखी तिसरंच. (शाळेत आम्हाला तिन्ही एकच म्हणून शिकवलं होतं!)

काजूवाली: गोव्यात कोंकणीतही रान म्हणजे जंगलच हां. आमच्या बागायतीला रान म्हटलं तर आजी रागावेल, साफसफाई केली नाही असं वाटेल तिला.

बांधकरी: माळरानाचा मुद्दा पटला. पण आमच्याकडे शेत हा शब्दही आहेच की. सातबारा, वाटणी, खरेदीखत आलं की शेत. नांगर, पाणी, खुरपणी आली की रान. "शेत विकलं" म्हणतात, "रान विकलं" क्वचितच ऐकलंय. इतर जिल्ह्यांत कसं म्हणतात?

पूर्णाकाठ: परभणीकडे दोन्ही चालतं, पण डबा मात्र रानातच जातो.