यूएसबी 'हब'ला मराठीत काय म्हणाल?

बाबांना फोनवर समजावताना अडकलो. ते गावी, मी पुण्यात, त्यांच्या लॅपटॉपला पोर्ट दोनच म्हणून चार तोंडांचा हब पाठवला. आता माउस चालतो, पेनड्राइव्ह चालतो, पण हार्डडिस्क लावली की नुसती टिकटिक करते आणि गायब. म्हटलं हब बघायला लागेल, तर म्हणे "हब म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डच ना, त्यात बिघडण्यासारखं काय असतं?" तर नेमका शब्द काय? 'केंद्र' मला तरी पटत नाही.

— इंग्रजीतला हब म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि त्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे की, तुंबा! बैलगाडीच्या चाकाचे आरे ज्यात ठोकलेले असतात तो लाकडी गोळा. आऱ्यांच्या बाहेर पुठ्ठे, त्यावर लोखंडी धाव. आता गाड्याच राहिल्या नाहीत त्यामुळे शब्दही गेला.

— तुंबा छान आहे पण लोक म्हणतील तुंबलाय का. तसा तो तुंबतोच म्हणा, कारण यूएसबी 2.0 हबला चार वस्तू लावल्या तरी मागे वायर एकच, सगळ्यांत मिळून वेग 480 एमबीपीएस.

— मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालोय म्हणून असेल, पण मला चाकापेक्षा कालवा दिसतो. हबला लॅपटॉपकडच्या बाजूला अपस्ट्रीम आणि वस्तूंकडच्या बाजूला डाउनस्ट्रीमच म्हणतात ना, मग सरळ वितरिका म्हणा. कालव्यातून वितरिका, तिच्यातून चारी, पोटचारी. आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही ही बोंब इथेही तीच! वडिलांची हार्डडिस्क म्हणजे टेलचा ऊस.

— काका एक नंबर. आणि हिशोबही तसाच आहे. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलीॲम्पिअर करंट देतो, त्यात हब स्वतःही खातो, म्हणून बिनॲडॉप्टरच्या हबने नियमाने प्रत्येक तोंडाला 100 च द्यायचे. माउसला ते पुरतात, हार्डडिस्कच्या मोटरला फिरायला सुरुवात करतानाच त्याच्या कितीतरी पट लागतात, म्हणून ती टिकटिक. यूएसबी 3.0 ला 900 मिळतात पण तेही वाटूनच. उपाय म्हणजे ॲडॉप्टरवाला हब, नाहीतर हार्डडिस्क थेट लॅपटॉपला आणि माउस हबला. आणि तो एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, आत चिप असते, ती लॅपटॉपला कळवते की अमुक तोंडाला काहीतरी लागलंय, मग लॅपटॉप त्या वस्तूला नंबर देतो. असे नंबर 127 च, त्यात हबही मोजायचे.

— माझं वेगळंच. हब नीट चालायचा पण लॅपटॉप थोडा वेळ तसाच पडला की माउस मेलेला. शेवटी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या (लॅपटॉपच्या आतल्या मूळ हबच्या) पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'वीज वाचवायला हे बंद करू दे' अशा अर्थाची टिक काढली, तेव्हा सुटलो. आणि वायरलेस माउसचा डाँगल यूएसबी 3.0 च्या तोंडाशेजारी खुपसला असेल तर तो अडखळतो, 3.0 चा गोंगाट डाँगलच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये घुसतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने डाँगल लांब न्यायचा, बास.

— विषयांतर होतंय पण यूएसबीचे एक जनक मानले जाणारे इंटेलमध्ये काम केलेले अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. गायकवाडांचं बडोदं, म्हणजे मराठी शब्दावर आपला थोडा हक्क पोचतो :)

— धागाकर्ता परत. बाबांना हार्डडिस्क थेट लावायला सांगितली, लगेच चालली, म्हणजे डिस्क ठणठणीत. मग गावातूनच ॲडॉप्टरवाला हब आणवला तरी पहिल्या दिवशी तेच रडगाणं, तासभर फोनवर डोकं खाल्लं तेव्हा कळलं की ॲडॉप्टरची पिन अर्धीच बसली होती आणि हब गुपचूप लॅपटॉपचीच वीज ओढत होता. शब्दाचं म्हणाल तर वितरिका मला जास्त बरोबर वाटली, पण बाबांनी आपणहून तुंबा उचललाय. आमच्या आजोबांची गाडी होती ना. काल म्हणाले, "तुंब्याला करंट दिलाय, आता आरे मोजून घे, चारही चालतायत."

— मग ॲडॉप्टर म्हणजे वंगण का? :)