प्रभागाची हरकत आणि केतकीचं मिशिगन

(सोसायटीचा ग्रुप, ऑगस्ट 2025 अखेर)

देशपांडे काका (ए-101): महापालिकेची प्रारूप प्रभागरचना बघितली का कोणी? नाल्याच्या अलीकडचं मार्केट एका प्रभागात आणि आपण पलीकडच्या वस्तीबरोबर दुसऱ्यात.

शिंदे (सेक्रेटरी): काका, ग्रुपवर राजकारण नको असं ठरलंय ना 🙏

देशपांडे काका: टँकर कोणाकडे मागायचा हे राजकारण असेल तर असू दे.

जोशी काकू: मागच्या वेळी एका प्रभागाला चार नगरसेवक होते. चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायचे. 2022 पासून तर प्रशासकच.

रोहन (सी-304): नकाशे वरूनच ठरून येतात हो. हरकत घ्या नाहीतर घेऊ नका, काय फरक पडतो?

केतकी (बी-402, सध्या अमेरिकेत, मिशिगन राज्यात): रोहनदादा, आमच्या इथेही सगळे हेच म्हणायचे. इकडे मतदारसंघ दर दहा वर्षांनी विधिमंडळ आखायचं. म्हणजे ज्याला निवडून यायचंय तोच आपले मतदार निवडणार. 2012 ला मिशिगनमध्ये काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) निवडणुकीत डेमोक्रॅट्सना मतं जास्त, पण 14 पैकी 9 जागा रिपब्लिकनांना. नोव्हेंबर 2016 मध्ये केटी फेही नावाच्या 27 वर्षांच्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या, की हे बदलायचंय, कोणी येतंय का. ना पक्ष, ना पैसा. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ हा गट उभा राहिला.

रोहन: फेसबुकवर क्रांती 😂

केतकी: फेसबुकवर नाही. आधी 33 दिवसांत 33 गावांत सभा घेऊन लोकांना विचारलं की नकाशा कोणी आखावा. मग हातात क्लिपबोर्ड घेऊन बाजारात, जत्रेत उभे राहिले. राज्यघटनेतली दुरुस्ती मतदानाला ठेवायची तर 3,15,654 सह्या लागत होत्या. स्वयंसेवकांनी चार महिन्यांच्या आत सव्वाचार लाखांवर जमवल्या.

जोशी काकू: आणि आपल्याकडे लिफ्टच्या ठरावाला कोरम होत नाही.

शिंदे (सेक्रेटरी): काकू 🙏

देशपांडे काका: विरोध झालाच असेल.

केतकी: झाला ना. प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊच नये म्हणून विरोधक कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात 4 विरुद्ध 3 असा निभावला. नोव्हेंबर 2018 मध्ये 61 टक्के मतांनी मंजूर. आता 13 सामान्य नागरिकांचा आयोग आहे: 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन, 5 कोणाचेच नाहीत. अर्ज मागवून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड. गेल्या सहा वर्षांतला उमेदवार, पक्षाचा पदाधिकारी, लॉबीवाला यांना प्रवेशच नाही. 2022 ला त्या नकाशांवर डेमोक्रॅट्सना जवळजवळ 40 वर्षांनी राज्याच्या सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) बहुमत मिळालं. 2024 ला रिपब्लिकनांनी राज्याचं खालचं सभागृह परत घेतलं. मला तरी हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. नकाशा कोणाच्या खिशात नाही हे त्यातून कळतं.

देशपांडे काका: आपले बेळगावचे श्री ठाणेदार तिकडूनच खासदार झाले ना? 💪

केतकी: हो काका, याच आयोगाने आखलेल्या, डेट्रॉइट शहराकडच्या 13 व्या मतदारसंघातून, 2022 ला. इथल्या मराठी मंडळींना केवढा आनंद! पण डेट्रॉइटमध्ये चारांत तीनहून जास्त लोक कृष्णवर्णीय, आणि कित्येक दशकांत पहिल्यांदा त्या शहराचा कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. त्यांना ते लागलं, आणि लागणारच. राज्याच्या सभागृहांचे डेट्रॉइटकडचे मतदारसंघ तर काही मतदारांनी कोर्टात नेले. शहराच्या वस्त्या लांब पट्ट्यांमध्ये कापून उपनगरांना जोडल्या होत्या. डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने 13 मतदारसंघ रद्द करून पुन्हा आखायला लावले.

रोहन: म्हणजे नागरिकांचा आयोगही चुकतोच.

केतकी: चुकतो. पण बैठका उघड्यावर झाल्या, त्यामुळे कोण काय बोललं ते सगळं कोर्टासमोर होतं. बंद खोलीत आखलेल्या नकाशाचं तसं होत नाही. आणि आता टेक्सासमध्ये बघा, दहा वर्षं व्हायच्या आधीच नकाशा बदलला. निव्वळ पक्षाच्या फायद्यासाठी आखणी झाली तर त्यात आम्ही पडणार नाही, असं फेडरल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगून ठेवलंय. त्यामुळे जे करायचं ते राज्याराज्यात.

देशपांडे काका: आपल्याकडे तर घटनेतच आहे, कलम 243 झेडजी. प्रभागरचनेच्या कायद्याला कोर्टात आव्हान नाही. म्हणून हरकतीची मुदत महत्त्वाची, रोहन. 4 सप्टेंबर. प्रारूप आयुक्त करतात, नगरविकास खात्यातून राज्य निवडणूक आयोगाकडे जातं. आपल्याला बोलायला मधली ही एकच फट.

जोशी काकू: पण लिहायचं काय? “आम्हाला मार्केट हवं”?

देशपांडे काका: नाही. त्यांच्याच नियमांवर बोट ठेवायचं. हद्द शक्यतो नाला, रेल्वे, मोठा रस्ता अशी नैसर्गिक असावी. लोकसंख्या सरासरीच्या 10 टक्के वर-खाली चालते. आणि सगळी आकडेमोड 2011 च्या जनगणनेवर. आपली इमारत 2016 ची! त्यांच्या हिशेबात आपण इथे राहतच नाही.

रोहन: हे मात्र खरंच भारी आहे 😳 मग आपल्या गल्लीतल्या चारही सोसायट्यांची मिळून हरकत द्यायची का? एकट्याचा कागद फायलीत जातो.

केतकी: तेच. पण काका, एक बघा. नाल्यापलीकडच्या वस्तीलाही विचारा. ते लोक मार्केटला याच बाजूला येत असतील तर त्यांची सहीही घ्या. “ते आमच्यात नकोत” असा सूर लागला तर मी सही करणार नाही.

देशपांडे काका: बरोबर आहे. तसं माझ्या डोक्यात नव्हतं, पण पहिला मेसेज तसा वाचला जातो खरा.

शिंदे (सेक्रेटरी): सोसायटीच्या लेटरहेडवर द्यायचं तर कमिटीचा ठराव लागेल. उद्या रात्री 9 वाजता क्लबहाउस. केतकी, तुझं नाव इथल्या मतदार यादीत आहे का?

केतकी: अजून आहे, पासपोर्ट भारताचाच आहे. पण मतदानाला प्रत्यक्ष यावं लागतं. इथे ग्रीन कार्डवर मत नाही, तिथे विमानाचं तिकीट काढल्याशिवाय नाही 🙂

जोशी काकू: ये मग. नकाशाची झेरॉक्स मी काढून आणते, कोणीतरी आपल्या बिल्डिंगवर आधी खूण करून द्या.