मदत हवी आहे: खांद्याला थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) चालू ठेवू की थांबवू?

उजव्या खांद्याच्या रोटेटर कफमध्ये (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांच्या कंडरा) पार्शल टिअर म्हणजे अर्धवट फाट आहे, सर्जरीची गरज नाही म्हणालेत. पेंड्युलम (हात सैल सोडून झुलवणं) आणि भिंतीवर बोटं चढवणं आता नीट जमतं, पण थेराबँडने एक्स्टर्नल रोटेशन (हात बाहेरच्या बाजूला फिरवणं) सुरू केल्यापासून रात्री त्या कुशीवर झोपवत नाही आणि हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांमध्ये कळ येते, त्याच्या वर गेलं की कमी होते. बँड सगळ्यात हलका आहे, कोपर अंगाजवळ, मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवूनच करते. शेकून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मुंग्या, बधिरपणा नाही. पेनकिलर पोटाला सोसत नाहीत, त्या प्लीज सुचवू नका. फिजिओची अपॉइंटमेंट अजून लांब आहे, तोपर्यंत बँड बंद करून भिंतीवर हात दाबायचे आयसोमेट्रिक (सांधा न हलवता जोर लावायचे व्यायाम) करू की बँडचेच रिपिटेशन कमी करू?