आधी धुरळा उठतो म्हणून गारा पडतात का?

तासगाव_बागायतदार:
मार्च आला की आमच्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात जीव टांगणीला, द्राक्षाचा माल तयार आणि दुपारी आभाळ भरून येतं. जुनी माणसं म्हणतात धुरळा जोरात उठला की गारा हमखास, त्यात फडात पाचट पेटवलेला धूर वेगळाच. ह्याचा गारांशी खरंच संबंध आहे का, आणि रडारवर आधी कळतं का? कुणी नीट सांगा की.

वाईचा_ढगवाला:
दादा, संबंध आहे पण सरळ नाही. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही, स्वच्छ बारका थेंब उणे ३५ च्या खालीसुद्धा पाणीच राहतो. मातीचा कण मिळाला तर मात्र उणे १५ च्या आसपासच गोठायला लागतो, आणि तेच गारेचं बी. धुराचं वेगळं, त्याच्या कणांवर थेंब पुष्कळ होतात पण बारके, ते एकमेकात मिसळत नाहीत म्हणून पाऊस लवकर सुटत नाही आणि ते पाणी वर थंडीत चढतं, तिथं गार त्याच्यावरच पोसते. पण बी जादा झालं तर उलटं, वेलीवर घड जास्त ठेवले की मणी फुगत नाही तसंच, गारा लहान राहतात आणि बऱ्याच वाटेतच वितळतात. सिल्व्हर आयोडाइड म्हणजे असल्याच बियाचं काम करणारं रसायन, ते ढगात फवारून गारा रोखायची कल्पना ह्यातूनच आली, पण त्याचा पक्का पुरावा अजून नाही, कुणी खात्री देऊन विकत असेल तर पैसे घालू नका.
आणि तो धुरळा बहुतेक वेळा ढगातून खाली आपटलेल्या थंड वाऱ्यानं उठतो, म्हणजे ढग तोपर्यंत तयार झालेला असतो. जुन्या माणसांनी बघितलं ते बरोबरच.

मिरज_पूर्व:
मग रडारवर लाल-जांभळं दिसलं की गार समजायची?

वाईचा_ढगवाला:
५५ डीबीझेडच्या (रडारला परत आलेल्या प्रतिध्वनीच्या जोराचं माप) वर गेलं की संशय घ्यायचा, पण मुसळधार पावसातही आकडा तिथवर चढतो. म्हणून आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारं रडार लागतं, आपल्या वाईजवळच्या मांढरदेवला आयआयटीएमचं (पुण्याची हवामान संशोधन संस्था) तसलंच आहे. मोठा थेंब पडताना चपटा होतो त्यामुळं आडवा प्रतिध्वनी जोरात येतो, गार गडगडत येते म्हणून दोन्ही जवळपास सारखे. धुळीचे कण फार बारीक, ते ह्या रडारला दिसतच नाहीत, त्यांनी ढगात काय केलं तेवढंच दिसतं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच खूण, शून्य अंशाच्या पातळीच्या वर चपट्या थेंबांचा उभा खांब दिसतो, म्हणजे खालचा वारा पाणी जोरात वर ढकलतोय, आणि बऱ्याचदा तो खांब गारा जमिनीवर पडायच्या आधीच उभा राहिलेला असतो.

तासगाव_बागायतदार:
म्हणजे धुरळा दिसेपर्यंत थांबलं तर बेदाण्याच्या शेडला ताडपत्री ओढायलाही वेळ उरत नाही. मांढरदेवच्या रडारचं चित्र मोबाईलवर बघायला मिळतं का दादा?