फिट येते ती ‘ब्रेक’ निकामी झाल्यामुळेच का?

तालवेडा: अपस्माराबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं: मेंदूतला ब्रेक, म्हणजे पेशींना शांत करणारं गाबा हे रसायन, कमी पडला की पेशी बेफाम होतात आणि फिट येते. मला हे अर्धंच वाटतं. ॲबसन्स सीझर हा फिटचा प्रकार घ्या. मूल बोलता बोलता थांबतं, काही सेकंद शून्यात बघतं आणि पुन्हा खेळायला लागतं. तेवढ्या वेळात ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखावर, सेकंदाला साधारण ३ वेळा टोक-लाट, टोक-लाट. हा ठेका धरण्यात थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागाच्या कडेच्या जाळीदार केंद्रकाचा मोठा वाटा आहे, आणि तिथल्या पेशी गाबाच सोडतात! त्या थॅलॅमसच्या पेशींना दाबतात. व्होल्टेज खाली गेलं की टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या (पेशीच्या पडद्यातली कॅल्शियमची दारं) उघडायच्या तयारीत येतात, आणि दाब सरला की पेशी उसळून फैर झाडते. ती फैर केंद्रकाला पुन्हा जागं करते. व्हिगाबॅट्रिन, टियागाबिन ही औषधं गाबा वाढवतात, तरी त्यांनी ॲबसन्स बळावू शकतात. टी-वाहिन्या रोखणारं इथोसक्सिमाइड मात्र लागू पडतं.

साधीगोष्ट: एका प्रकारावरून सगळ्या अपस्माराला मोजू नका. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहानपणीच सुरू होणाऱ्या गंभीर अपस्मारात बहुतेकदा एससीएन१ए जनुकात बिघाड असतो आणि त्याचा मोठा फटका दाबणाऱ्या पेशींनाच बसतो. तिथे ब्रेकच दुबळा. लांबलेली फिट थांबवायला आधी बेन्झोडायझेपिन गटातलं औषधच देतात, तेही गाबाला जोर देतं म्हणूनच. तुमचं अर्धवट वाचून कुणी मुलाची गोळी बंद केली तर?

तालवेडा: डॉक्टरांना न विचारता गोळी कुणीच बंद करू नये, यात वाद नाही. ड्रॅव्हेचंही मान्य. माझा आक्षेप फक्त ‘च’ला आहे.

क्षारपाणी: दोघंही गाबाचं प्रमाण मोजताय. गाबाने दार उघडलं की क्लोराइड हा ऋणभारित क्षारकण आत येणार की बाहेर जाणार, हे पेशीतल्या त्याच्या साठ्यावर ठरतं. केसीसी२ हा पेशीच्या पडद्यातला वाहक क्लोराइड बाहेर काढतो. तो कमी पडला की तोच गाबा पेशीला चेतवू शकतो. टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा, अपस्मार असलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीत, काही पेशींमध्ये, २००२ साली हे दिसलं.

साधीगोष्ट: मग क्लोराइड आत घेणारा वाहक रोखायला फिट येणाऱ्या नवजातांना ब्युमेटानाइड हे औषध देऊन पाहिलं, त्याचं काय झालं? युरोपातली चाचणी मध्येच थांबवावी लागली. फिट आटोक्यात आल्या नाहीत, काही बाळांना ऐकू येण्यात दोष आला.

क्षारपाणी: त्या बाळांचं वाईट वाटतंच. पण ब्युमेटानाइड रक्तातून मेंदूत फारच कमी उतरतं. औषध पेशीपर्यंत पोचलंच नसेल, तर क्लोराइडचा मुद्दा खोटा ठरला असं कसं म्हणता?