किरण दिलेला कांदा आणि चाळीतला कोंब

साठवणीत कोंब फुटू नये म्हणून कांद्याला किरण देतात. त्यावर काही जण विचारतात, असा किरण दिलेला कांदा खाल्ला तर किरणं पोटात जातात का? नाही जात. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण कांद्यातून आरपार निघून जातात, मागे काही उरत नाही. कांदा किरणोत्सारी होण्याइतकी ऊर्जाच त्यांत नसते. ही भीती मनातून काढून टाका.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एवढीच मात्रा लागते. तेवढ्याने आतल्या कोंबाच्या पेशींची वाढ थांबते. असा कांदा महिन्यांनी उभा चिरला तर मधोमध बारीकसा तपकिरी ठिपका दिसतो, तोच मेलेला कोंब. बाकी पाकळ्या पांढऱ्याशुभ्र.

पण 'किरण दिले की कांदा सडत नाही' असंही काही जण म्हणतात, ते मला पटत नाही, आणि शेतकऱ्याला असं सांगणं धोक्याचं आहे. एवढ्या मात्रेने ना काजळी (काळी बुरशी) मरते ना सड थांबते. मान नीट सुकवलेला, न दुखावलेला उन्हाळ कांदा काढणीनंतर काही आठवड्यांतच, तो सुप्तावस्थेत असताना न्यावा लागतो. कोंब सुटल्यावर नेऊन उपयोग नाही. नंतरही हवेशीर चाळ (कांदा साठवायची शेड) किंवा शीतगृह लागतंच.

आंब्याचं गणित वेगळं. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे देतात, ते टिकवण्यासाठी नव्हे, कोयीतला भुंगा आणि फळमाशी पुढे वाढू नये म्हणून. २००७ पासून आपला आंबा तिकडे जातोय तो याच प्रक्रियेमुळे.