गणपतीची सजावट : कुंपणाच्या फळ्यांची माटवी

प्रेषक: सजावट समिती
मंडळी, नमस्कार.
यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. हॉलमधला आपला गणपती त्यानंतरच्या शनिवारी, १९ ला. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि आपण इथे ओहायोत दरवर्षी त्याच्या शीट आणून मखर कापतो, रात्री मोडून कचऱ्यात टाकतो. यंदा ते नको. एका सभासदाने घराचं कुंपण बदललं, त्याच्या सीडरच्या फळ्या आणि टू-बाय-फोरचे (दोन बाय चार इंची म्हणून विकतात त्या लाकडाचे) तुकडे गराजमध्ये पडून आहेत. त्यातून मखर होईल का?

प्रेषक: कुडाळचे काका
मखर होईल, पण लाकडाचं मखर जड होतं, उचलताना चौघांची कंबर जाते. मी म्हणतो माटवी करू या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीचे घड, काकड्या, रानातली फळं, आंब्याचे टाळ (पानांच्या डहाळ्या) बांधतात. गोव्यात तीच माटोळी. चौकट दरवर्षी तीच, वर्षभर माळ्यावर असते. सजावट निसर्गाची, आपण फक्त पट्ट्या पुरवायच्या.
माप चार फूट बाय तीन फूट. बाहेरची चौकट टू-बाय-फोरची, कोपऱ्यात निम्म्या जाडीच्या खाचा पाडून एकात एक बसवायची आणि गोंद लावून स्क्रू मारायचे. कुंपणाची फळी साडेपाच इंच रुंद आणि पाच-अष्टमांश इंच जाड असते. तिच्या दीड इंची तीन पट्ट्या निघतात. या पट्ट्या चौकटीत आडव्या नाही, उभ्या बसवायच्या, म्हणजे कडेवर. दीड इंच उभी ठेवलेली पट्टी सपाट पट्टीपेक्षा पावणेसहापट ताठ असते. सपाट ठेवलीत तर नारळ लटकवले की मध्ये झोळ पडणार.
फळ्यांवरून आधी लोहचुंबक फिरवा, मोडके खिळे आत राहतात आणि करवतीचे दात जातात. वरचं करडं लाकूड रंध्याने काढलं की आतून तांबूस निघतं, पॉलिशची गरज नाही. सीडरचा भुसा दम्याच्या माणसाला वाईट, मास्क लावा.
एक विचारतो: टू-बाय-फोर डेकचे, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याचे, आहेत का? हिरवट असतील आणि डेक २००४ च्या आधीचं असेल तर त्यात आर्सेनिकचं औषध मुरवलेलं असू शकतं. असलं लाकूड कापू नका, जाळू तर मुळीच नका. ही फळं आपण प्रसाद म्हणून वाटणार आहोत.

प्रेषक: पुणे-३०
आमच्याकडे मखरच असतं. तरी माटवीला हरकत नाही. हॉलचं छत मात्र टाइल्स बसवलेलं खोटं छत आहे, त्याला काही टांगायचं नाही असं करारातच लिहिलंय. काकांची माटवी कशाला टांगणार? आणि वजन किती होईल, कुणी हिशोब केला आहे का?

प्रेषक: कुडाळचे काका
प्रश्न रास्त आहे. गावच्या घराला वासे असतात, इथे ते नाहीत, म्हणून माटवीला पाय द्यावे लागतील. खरं काम तिथेच आहे, चौकट दोन तासांत होते.
वजन: सोललेला नारळ अर्धा ते पाऊण किलो. एकवीस धरले तर तेरा किलोच्या आसपास, काकड्या आणि बाकीचं धरून वीस. चौकटीला हे काहीच नाही. अडचण अशी की हे सगळं वजन सात फुटांवर, आणि खालून पोरं पळणार. सरळ चार पाय लावले तर ते एका बाजूला कलतात, कितीही जाड घेतलेत तरी. म्हणून दोन्ही टोकांना इंग्रजी ए सारखे पाय, खाली फाकलेले, तळाशी तीन फूट अंतर. आणि मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी, एका पायाच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत. ती तिरकी पट्टी गाळू नका, सगळा आधार तिचाच. तळाच्या आडव्या पट्टीवर वाळूच्या पिशव्या.
जोड नटबोल्टने, खिळ्याने नाही. सुटे करून गाडीत नेता येतील आणि पुढच्या वर्षी परत उभे करता येतील.

प्रेषक: सजावट समिती
टू-बाय-फोर डेकचेच निघाले, आणि डेक जुनं. म्हणून ते नको, नवे आणू, फार पैसे पडणार नाहीत. फळ्या मात्र चांगल्या आहेत.

प्रेषक: वेंगुर्ल्याच्या काकू
बांधायचं काय, ते मी बघते. इथल्या दुकानात नारळ शेंडी काढलेले मिळतात, त्यांना दोरी राहत नाही. सुतळीची जाळी विणून त्यात बसवू, मी शिकवते. आंब्याचे टाळ कुठून आणणार? आमच्या अंगणात मॅग्नोलिया आहे, त्याची पानं जाड, चकचकीत, दोन दिवस टिकतात. आपल्या माटवीला कवंडळ लागतं, लाल, कडू, कुणी खात नाही, पण ते नसलं तर माटवी रिकामी वाटते. त्याच्या जागी बाजारातले छोटे शोभेचे भोपळे घेऊ. आणि इथे सप्टेंबरात बकाय (buckeye, आपलं बकाण नव्हे) झाडाखाली तपकिरी बिया पडतात, त्यांची माळ. गणपती येवच्या आदी माटवी बांधून झाली व्हयी, हे लक्षात ठेवा. आरतीच्या वेळी फळं बांधत बसायचं नाही.

प्रेषक: पुणे-३०
बकायच्या बिया विषारी असतात, काकू. लहान मुलं आहेत.

प्रेषक: वेंगुर्ल्याच्या काकू
ठाऊक आहे. कवंडळही खायचं नसतंच. माळ सगळ्यात वर, मुलांच्या हाताबाहेर, आणि प्रसाद वाटताना ती मी स्वतः वेगळी काढीन.

प्रेषक: सजावट समिती
ठरलं. चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी, १२ ला, सकाळी दहाला गराजमध्ये. काका करवत, गुण्या आणि पटाशी आणताहेत. नटबोल्ट कोण आणेल?

प्रेषक: पुणे-३०
मी आणतो. मास्क ज्याने त्याने आपापले आणावेत. हॉलच्या मागच्या दाराची चावी कुणाकडे आहे? सात फुटी पाय पुढच्या दारातून वळणार नाहीत.